जेम्स शील्ड्स: तीन राज्यांचा सिनेटर झालेल्या आयरिश वकिलाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा शील्ड्स म्हणजे अब्राहम लिंकनशी तलवारीने लढायला निघालेला तोच ना?

तोच. त्याच्याबद्दल पहिला प्रश्न कायम हाच येतो, त्यामुळे उत्तर आधीच देऊन टाकतो: हो, निघाला होता. तलवारी आल्या, बेट ठरलं, दोघंही पोचले आणि लढाई झालीच नाही. तो किस्सा पुढे सविस्तर आहे. पण जेम्स शील्ड्स नावाचा हा आयरिश माणूस इलिनॉय, मिनेसोटा आणि मिसूरी अशा तीन वेगवेगळ्या राज्यांतून अमेरिकेच्या सिनेटवर गेला. हे त्याच्याआधी कोणाला जमलं नव्हतं आणि त्याच्यानंतर आजतागायत कोणाला जमलेलं नाही. ज्याच्या नावावर असा विक्रम आहे, त्याची ओळख न झालेल्या मारामारीवरून व्हावी, हे त्याच्या नशिबाला धरूनच झालं.

तो मूळचा कुठला? अमेरिकेत कधी आला?

आयर्लंडच्या उत्तरेला टायरोन परगण्यात अल्टमोर नावाचं ठिकाण आहे, तिथला. जन्मसाल कुठे 1806 सापडतं, कुठे 1810. 1826 च्या सुमारास तो अमेरिकेत आला आणि इलिनॉयमधल्या कॅस्कास्किया या गावी स्थिरावला. मिसिसिपीजवळचं हे जुनं फ्रेंच वस्तीचं गाव, इलिनॉयची पहिली राजधानी. शील्ड्स आला तेव्हा राजधानी तिथून हलली होती, पण न्यायालयाची आणि राजकारणाची सवय गावात मुरलेली होती.

घरात राजकारण अगदीच नवं नव्हतं. त्याचे एक काका ओहायोमधून प्रतिनिधिगृहात निवडून गेले होते. त्यांचंही नाव जेम्स शील्ड्सच, त्यामुळे जुनी कागदपत्रं चाळताना कोणता शील्ड्स हे तपासून घ्यावं लागतं.

वकील कसा झाला? कायद्याचं कॉलेज केलं का?

नाही. त्या काळच्या इलिनॉयमध्ये बहुतेक वकील घरी कायद्याची पुस्तकं वाचून किंवा एखाद्या जुन्या वकिलाच्या हाताखाली राहून तयार होत, मग परीक्षकांपुढे उभं राहून सनद मिळवत. शील्ड्स दिवसा शाळेत शिकवायचा आणि उरलेल्या वेळात कायदा वाचायचा. लिंकनही असाच शिकला. शील्ड्सला लॅटिन आणि फ्रेंच येत असे. कॅस्कास्कियासारख्या गावात, जिथे जुन्या जमिनीचे कागद फ्रेंचमध्ये असत, तिथे हे ज्ञान फुकट गेलं नसणार.

त्या दिवसांत सीमेवरच्या राज्यात वकिली हा राजकारणात शिरायचा सरळ रस्ता होता. न्यायाधीश गावोगाव फिरत, त्यांच्यामागोमाग वकिलांचा तांडा. रात्री एकाच खाणावळीत मुक्काम, दिवसा एकमेकांविरुद्ध युक्तिवाद. निवडणूक आली की हीच मंडळी उमेदवार. 1836 मध्ये शील्ड्स डेमोक्रॅटिक पक्षाकडून इलिनॉयच्या विधिमंडळात गेला. त्याच सभागृहात पलीकडच्या व्हिग पक्षाच्या बाकावर लिंकन बसायचा, आणि स्वपक्षात पुढे सिनेटर झालेला स्टीफन डग्लस होता.

द्वंद्वाचं भांडण कशावरून झालं?

पैशावरून, आणि खरं तर थट्टेवरून.

1842 च्या फेब्रुवारीत इलिनॉयची स्टेट बँक बुडाली. लोकांच्या हातात तिच्या नोटा होत्या, पण बाजारात त्यांना अर्ध्याहून कमी भाव. शील्ड्स तेव्हा राज्याचा ऑडिटर, म्हणजे सरकारी हिशेब बघणारा अधिकारी होता. ऑगस्टमध्ये गव्हर्नर, खजिनदार आणि ऑडिटर यांच्या नावाने हुकूम निघाला की कर भरताना या नोटा घेऊ नका, सोनं-चांदी घ्या. राज्याच्या तिजोरीच्या दृष्टीने यात चूक काढणं कठीण आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र सरकारच्याच बँकेची नोट सरकारच नाकारतंय, यासारखा संताप नाही.

विरोधी व्हिगांना आयतं कोलीत मिळालं. स्प्रिंगफील्डच्या ‘सँगामो जर्नल’ या वर्तमानपत्रात ‘रिबेका’ नावाच्या एका खेडवळ बाईची पत्रं छापून येऊ लागली. त्यातलं एक लिंकनने लिहिलं. रिबेका शेजाऱ्याकडे जाते, तर तो करासाठी जमवलेल्या नोटा आता कवडीमोलाच्या झाल्या म्हणून आगपाखड करत बसलाय, असा प्रसंग. इथपर्यंत राजकीय टीका होती. पण पुढे लिंकनची लेखणी सुटली. शहरातल्या मेळाव्यात हा अविवाहित ऑडिटर बायकांच्या घोळक्यात कसा तरंगत होता याचं वर्णन करताना त्याने उपमा दिली ती मांजरांच्या मारामारीनंतर हवेत उडणाऱ्या केसांच्या पुंजक्याची. आणि शील्ड्सच्या तोंडी वाक्यं घातली, ती साधारण अशी: पोरींनो, तुमचे हाल मला कळतात, पण मी तुम्हा सगळ्यांशी लग्न कसं करू? मी इतका देखणा आहे यात माझा काय दोष!

शील्ड्सला स्वतःच्या रुबाबाचा अभिमान होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यामुळे बाण बरोबर बसला.

पुढची पत्रं कोणी लिहिली?

लिंकनची होणारी बायको मेरी टॉड आणि तिची मैत्रीण ज्युलिया जेन या दोघींनी. लिंकन आणि मेरीचं ठरलेलं लग्न आधी एकदा मोडलं होतं, आणि त्याच सुमारास दोघं पुन्हा भेटू लागले होते. मुलींना या खेळात भलताच रस आला. त्यांच्या रिबेकाने शील्ड्सला लग्नाची मागणीच घातली आणि मग त्या लग्नावर एक कविताही छापून आली. ज्युलिया जेनचं नाव लक्षात ठेवा, ती या गोष्टीत पुन्हा येते.

शील्ड्सने संपादकाकडे लेखकाचं नाव मागितलं. संपादक सिमियन फ्रान्सिसने लिंकनचं नाव सांगितलं. लिंकनने मुलींची नावं बाहेर येऊ दिली नाहीत आणि सगळं स्वतःवर घेतलं. तो तेव्हा कोर्टाच्या कामासाठी ट्रेमॉन्टला होता. शील्ड्स आपला पाठीराखा जॉन व्हाइटसाइड याला घेऊन थेट तिथे जाऊन धडकला आणि लिंकनने लेखी माफी मागावी असं पत्र दिलं. पत्राचा सूर इतका धमकीचा होता की लिंकनने आधी ते मागे घ्या, मग बोलू, असं कळवलं.

तलवारीच का? पिस्तुलं का नाहीत?

आव्हान शील्ड्सचं, म्हणून हत्यार आणि अटी ठरवायचा हक्क लिंकनचा. त्याने घोडदळाच्या मोठ्या, रुंद पात्याच्या तलवारी निवडल्या. अट अशी: दहा फूट लांबीची एक फळी जमिनीवर कडेवर उभी रोवायची. ती दोघांच्या मधली हद्द. तिच्यावरून पाय पलीकडे टाकला तर प्राण गेले असं समजायचं. शिवाय प्रत्येकाच्या मागे, तलवारीची लांबी अधिक तीन फूट एवढ्या अंतरावर एक रेघ. तिच्या मागे सरकलात तर हरलात.

आता ही फळी डोळ्यासमोर आणा. एका बाजूला सहा फूट चार इंच उंचीचा, कुऱ्हाड चालवण्यात हयात गेलेला, हात गुडघ्यापर्यंत पोचतील असा लिंकन. दुसऱ्या बाजूला त्याच्याहून बराच ठेंगणा शील्ड्स. पुढे जाता येत नाही, फार मागे जाता येत नाही. शील्ड्सची तलवार लिंकनपर्यंत पोचणं अवघड आणि लिंकनची सहज पोचणार. लिंकन भांडण कसं टाळायचं ते वकिलासारखं शोधत होता, असं मला वाटतं. अटी अशा ठेवायच्या की समोरच्याने शहाणपणाने माघार घ्यावी.

शील्ड्सने मात्र माघार घेतली नाही. पिस्तूल त्याला चालवता येत होतं, तलवारीत त्याचं मरण होतं, तरी 22 सप्टेंबर 1842 ला तो हजर झाला. याचं श्रेय त्याला फारसं कोणी देत नाही.

मग थांबलं कसं?

इलिनॉयमध्ये द्वंद्वाला कायद्याने बंदी होती, म्हणून मंडळी ऑल्टनहून होडीने मिसिसिपीतल्या मिसूरीच्या हद्दीतल्या बेटावर गेली. दोघंही वकील, दोघंही कायदे करणारे, आणि कायदा चुकवायला नदी ओलांडताहेत, हेही पाहण्यासारखंच. तिथे जॉन हार्डिन आणि इतर काही जण मध्ये पडले. लिंकनने लिहून दिलं की ते पत्र निव्वळ राजकीय होतं, शील्ड्सच्या वैयक्तिक चारित्र्याला बट्टा लावायचा हेतू नव्हता. तेवढ्यावर मिटलं. लिंकनने वाट बघता बघता तलवार उंचावून डोक्यावरची झाडाची फांदी सहज छाटली आणि ते पाहून शील्ड्सचे लोक विचारात पडले, ही गोष्ट लोक रंगवून सांगतात. ती दंतकथेच्या खात्यात टाका.

होडी परतताना किनाऱ्यावरच्या लोकांना धक्का बसावा म्हणून कोणीतरी एका ओंडक्यावर लाल कापड टाकून तो रक्तबंबाळ माणसासारखा आडवा ठेवला होता, असाही किस्सा आहे. आणि प्रकरण तिथेच संपलं नाही. पुढच्याच काही दिवसांत शील्ड्सने लिंकनच्या बटलर नावाच्या मित्राला आव्हान दिलं, मग पाठीराखेच एकमेकांवर घसरले. लिंकनने एका मित्राला लिहिलंय की द्वंद्वाचा धंदा गावात अजून जोरात आहे. सहा आठवड्यांनी, 4 नोव्हेंबरला, लिंकन आणि मेरीचं लग्न झालं.

लिंकनला पुढे या प्रकरणाची लाज वाटायची. राष्ट्राध्यक्ष असताना एका लष्करी अधिकाऱ्याने विषय काढला, तेव्हा ‘मी नाकारत नाही, पण माझी मैत्री हवी असेल तर पुन्हा बोलू नका’ असं तो म्हणाल्याचं मेरीने नंतर लिहिलं.

ऑडिटरनंतर काय?

पायऱ्या भराभर चढला. 1843 मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती, तेही डग्लसने सोडलेल्या जागेवर. 1845 मध्ये वॉशिंग्टनला, सरकारी जमिनींच्या केंद्रीय कार्यालयाचा आयुक्त म्हणून. पश्चिमेकडची कोट्यवधी एकर जमीन ज्या कचेरीतून वाटली जायची, ती ही कचेरी. चार वर्षांनी हीच जागा मिळावी म्हणून लिंकनने जिवाचा आटापिटा केला आणि त्याला ती मिळाली नाही. शील्ड्सने मात्र वर्षभरात ती सोडली, कारण मेक्सिकोशी युद्ध सुरू झालं होतं.

युद्धात खरंच लढला, की नावापुरता जनरल?

या युद्धात खरंच लढला. एप्रिल 1847 मध्ये सेरो गोर्दोच्या लढाईत तोफेच्या छऱ्याचा गोळा त्याच्या छातीतून, फुप्फुस भेदून आरपार गेला. तो मेला अशी बातमी वर्तमानपत्रांनी छापलीसुद्धा. तो जगला, ऑगस्टमध्ये चुरुबुस्कोला पुन्हा मैदानात होता आणि चापुलतेपेकला पुन्हा जखमी झाला. त्याच्या ब्रिगेडमध्ये न्यूयॉर्क आणि साउथ कॅरोलिनाच्या पलटणी होत्या. साउथ कॅरोलिनाने आणि इलिनॉयने त्याला मानाच्या तलवारी भेट दिल्या. ज्या माणसाचं नाव तलवारीवरून हसण्यावारी गेलं, त्याला पाच-सहा वर्षांत दोन राज्यांनी तलवार द्यावी! 1848 मध्ये त्याला ओरेगॉन प्रदेशाचं गव्हर्नरपदही देऊ केलं होतं. त्याने नाही म्हटलं. पुढच्या वर्षी तेच पद लिंकनला देऊ केलं गेलं आणि त्यानेही नाही म्हटलं.

सिनेटमधून त्याला बाहेर का काढलं?

माझ्या मते त्याच्या आयुष्यातला हा सगळ्यात बोलका प्रसंग आहे. लोक द्वंद्व विचारतात आणि हा विचारायचा राहतो.

तेव्हा सिनेटर जनता निवडत नसे. आपल्याकडे राज्यसभेसाठी आमदार मत देतात, साधारण तसं राज्याचं विधिमंडळ निवडत असे. थेट मतदान आलं 1913 च्या सतराव्या घटनादुरुस्तीनंतर. 1849 मध्ये इलिनॉयच्या डेमोक्रॅटांनी विद्यमान सिनेटर सिडनी ब्रीझला बाजूला सारून जखमी जनरल शील्ड्सला निवडलं. पण घटनेत अट आहे की सिनेटर किमान नऊ वर्षं अमेरिकेचा नागरिक हवा. शील्ड्सला नागरिकत्वाचा दाखला मिळाला होता 21 ऑक्टोबर 1840 ला. म्हणजे 1836 मध्ये आमदार झालेला हा माणूस कागदोपत्री नागरिक झाला त्यानंतर चार वर्षांनी. सिनेटची मुदत सुरू होत होती मार्च 1849 मध्ये. नऊ वर्षं भरायला साडेसात महिने कमी.

वीस वर्षांहून जास्त काळ देशात राहिलेला, आमदार, न्यायमूर्ती, छातीत भोक पडलेला जनरल, आणि अडला कुठे तर तारखेत. कायद्याने गेलं तर सिनेटचं म्हणणं बरोबरच होतं. जिनिव्हात जन्मलेल्या अल्बर्ट गॅलॅटिनला 1794 मध्ये याच कलमावरून 14 विरुद्ध 12 मतांनी घरी पाठवलं होतं. पण वकील असून, न्यायमूर्ती राहून, स्वतःचाच दाखला नीट वाचला नाही याला काय म्हणावं?

आणि मग त्याने नेहमीचंच केलं. हा मुद्दा ब्रीझने उकरलाय असं समजून त्याने ब्रीझला असं पत्र लिहिलं की ही चाल यशस्वी झाली असती तर तुला तिचं फळ चाखू दिलं नसतं, अशी शपथ मी मनाशी घेतली होती. म्हणजे जवळजवळ जिवाचीच धमकी. ब्रीझने शांतपणे ते पत्र छापायला दिलं. शील्ड्सने राजीनामा देऊन सुटायचा प्रयत्न केला, पण 15 मार्च 1849 ला सिनेटने ती निवडणूकच रद्दबातल ठरवली.

पण शेवटी सिनेटर झालाच ना?

झाला. गव्हर्नरने विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं. ऑक्टोबरमध्ये नऊ वर्षं पूर्ण झाली आणि त्याच महिन्यात शील्ड्स पुन्हा निवडून आला. या वेळी तारीख पक्की होती. 1855 पर्यंत तो सिनेटमध्ये होता. इलिनॉय सेंट्रल रेल्वेला सुमारे 25 लाख एकर जमीन मिळवून देणाऱ्या 1850 च्या कायद्यासाठी तो डग्लसबरोबर खपला. कॅलिफोर्निया गुलामगिरीमुक्त राज्य म्हणून आत यावं, याही बाजूने तो बोलला.

पण 1854 मध्ये डग्लसच्या कॅन्सस-नेब्रास्का विधेयकाला त्याने साथ दिली. नव्या प्रदेशात गुलामगिरी हवी की नको हे तिथल्या वसाहतवाल्यांनी ठरवावं, असं त्यात होतं. उत्तरेत याविरुद्ध वणवा पेटला. त्याच वेळी परदेशातून आलेल्या, विशेषतः आयरिश कॅथलिकांविरुद्ध ‘नो-नथिंग’ चळवळ फोफावत होती. शील्ड्स दोन्हीकडून भाजला गेला. त्यातली पहिली आग मात्र त्याची स्वतःची. ज्याला स्वतःला कागदाच्या एका तारखेमुळे परका ठरवलं गेलं, त्याने गुलामांच्या बाबतीत पक्षाची ओळ पुढे रेटली. त्याचे चाहते हे झटकन उरकून पुढे जातात.

1855 मध्ये सिनेटच्या जागेसाठी इलिनॉयच्या विधिमंडळात त्याच्यासमोर उभा होता लिंकन. पहिल्या फेरीत लिंकन पुढे, शील्ड्स 41 मतांवर, आणि लायमन ट्रम्बल नावाचा डेमोक्रॅट बंडखोर फक्त 5 मतांवर. डेमोक्रॅटांनी शील्ड्सला सोडून गव्हर्नर मॅटेसनला पुढे केलं. तो जिंकेल असं दिसताच लिंकनने आपली सगळी मतं ट्रम्बलकडे वळवली, आणि दहाव्या फेरीत ट्रम्बल 51 मतांनी निवडून आला. या ट्रम्बलची बायको कोण? ज्युलिया जेन. रिबेकाची ती दुसरी लेखिका.

मिनेसोटा आणि मिसूरी कुठून आले?

हरल्यावर तो उठला आणि मिनेसोटाला गेला. युद्धसेवेबद्दल मिळालेल्या जमिनीच्या हक्कावर आयरिश कुटुंबं नेऊन वसवली. राइस परगण्यातलं शील्ड्सव्हिल हे गाव त्याच्याच नावाचं. 11 मे 1858 ला मिनेसोटा राज्य झालं आणि त्याच्या पहिल्या दोन सिनेटरांत शील्ड्स होता. नव्या राज्याच्या सिनेटरांची मुदत चिठ्ठ्या टाकून ठरते. शील्ड्सची चिठ्ठी आखूड निघाली: 3 मार्च 1859 पर्यंत, जेमतेम दहा महिने. मग विधिमंडळ रिपब्लिकनांकडे गेलं आणि तो पुन्हा बिनखुर्चीचा.

तिथून कॅलिफोर्निया, तिथे 1861 मध्ये मेरी ॲन कारशी लग्न, मग मेक्सिकोत खाणीचा व्यवसाय. यादवी युद्ध सुरू झालं आणि राष्ट्राध्यक्ष लिंकनने त्याला ब्रिगेडियर जनरल केलं. एकोणीस वर्षांपूर्वी फळीच्या पलीकडे उभ्या राहिलेल्या माणसाला. या युद्धात मात्र त्याची चमक दिसली नाही. मार्च 1862 मध्ये कर्न्सटाउनला त्याच्या डिव्हिजनने दक्षिणेच्या जनरल स्टोनवॉल जॅक्सनला मागे रेटलं, पण शील्ड्स आदल्याच दिवशी हात मोडून अंथरुणावर होता. मैदान कर्नल नेथन किंबॉलने सांभाळलं. श्रेय घेताना शील्ड्सने हात आखडता घेतला नाही. जूनमध्ये पोर्ट रिपब्लिकला जॅक्सनने हिशेब चुकता केला. 1863 मध्ये शील्ड्सने राजीनामा दिला.

मग मिसूरीत कॅरल्टनला शेती, तिथल्या विधिमंडळात आमदारकी, आणि सिनेटर बोगी वारल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेवर 1879 मध्ये उरलेल्या मुदतीसाठी निवड. किती मुदत? 27 जानेवारी ते 3 मार्च. पाच आठवडे. विक्रम झाला तो असा. त्यामुळे ‘तीन राज्यांचा सिनेटर’ हे ऐकायला भव्य वाटलं तरी खरी कारकीर्द एकाच राज्यातली. बाकी दोन मिळून वर्षही भरत नाही.

शेवट कुठे झाला?

त्याच वर्षी, 1 जून 1879 ला, आयोवा राज्यातल्या ओटुम्वा गावी. व्याख्यानांच्या दौऱ्यावर होता. उतारवयात व्याख्यानं हाच त्याच्या मिळकतीचा मोठा आधार होता. दफन कॅरल्टनच्या सेंट मेरी दफनभूमीत झालं. तिथे 1910 मध्ये त्याचं स्मारक उभं राहिलं.

आज त्याच्या खुणा कुठे बघायला मिळतात?

मिनेसोटाच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे राज्याच्या विधानभवनात, पुतळा आहे. ऑल्टनच्या समोर, नदीच्या मिसूरीकडच्या काठाला लिंकन-शील्ड्स नावाची मोकळी जागा आहे, लोक तिथे पक्षी बघायला जातात. पण सगळ्यात मजेशीर पुतळा वॉशिंग्टनला, संसदभवनातल्या संग्रहात आहे. प्रत्येक राज्याने आपल्या दोन माणसांचे पुतळे तिथे द्यायचे असतात. इलिनॉयने 1893 मध्ये पहिला दिला तो लिंकनचा नव्हे, शील्ड्सचा. दुसरा पुढे फ्रान्सिस विलर्डचा आला. शील्ड्सचा पुतळा घडवला लेनर्ड व्होक या शिल्पकाराने. 1860 मध्ये लिंकनच्या चेहऱ्यावर ओलं प्लास्टर थापून त्याचा साचा काढणारा व्होक तो हाच.